कोरड्या नदीतून पाणी नेताना

माझ्या माहेरच्या, म्हणजे तेलगावच्या माणसांचा अजून असा समज आहे, की धरणाचं दार उघडलं की पाणी आपलं आपण खालच्या गावात जातं. "सुनंदे, तुला काय काम गं? चाक फिरवायचं आन् खुर्चीत बसायचं," असं माझा थोरला भाऊ माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या दिवशीसुद्धा म्हणाला. तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आता देते.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच झाली. आमच्याकडच्या बहुतेक नद्या पावसाळ्यापुरत्या. एरवी नदी म्हणजे रुंद वाळूचा पट्टा, कडेला वेडी बाभूळ आणि मधून गेलेली बैलगाडीची चाकोरी. या पट्ट्यात जागोजागी बंधारे आहेत. दगडी खांब एका ओळीत उभे, आणि दोन खांबांच्या खाचेत बसवायची लोखंडी दारं. पाऊस संपत आला की दारं बसवायची, मागं पाणी साठतं. पण पाऊसच झाला नाही, तर उन्हाळ्यात बंधारे कोरडे पडतात. मग वरच्या धरणात पिण्यासाठी राखून ठेवलेलं पाणी नदीत सोडायचं आणि खालचे बंधारे भरून घ्यायचे. सांगायला इतकं सोपं.

करायला बसलं की कळतं. तापलेली वाळू पाणी पिते, काठावरच्या मोटारी पितात, बंधाऱ्याची गळकी दारं उरलेलं सोडून देतात. शिवाय नदी आमच्या खात्याची, नदीतली वाळू महसूलची, मोटारींची वीज वीज कंपनीची, खालच्या बंधाऱ्यातली पाण्याची विहीर नगरपालिकेची, आणि बोंब मात्र एकट्या पाटबंधाऱ्याच्या नावानं.

मी ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते आहे, तो माझ्या नोकरीच्या अखेरीअखेरीचा. धरणाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दोन गावांत पुन्हा वाद सुरू होईल. धरणाखाली आमच्या नदीवर तीन बंधारे. वरचा देवगव्हाणचा, मधला खडकवाडीचा आणि शेवटचा हिंगणटाकळीचा. शेवटच्या बंधाऱ्यातच ती नगरपालिकेची विहीर. तिच्यातून आमच्या तालुक्याच्या शहराला आणि वाटेतल्या गावांना नळानं पाणी जायचं. त्या वर्षी विहिरीच्या तळाचा चिखल दिसायला लागला होता. धरणात पाणी होतं, पण एकदाच सोडता येईल एवढंच. ते वाटेत संपलं, तर पाऊस पडेपर्यंत दुसरं नव्हतं.

तहसील कार्यालयात बैठक झाली. अशा बैठकीत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट करतो. नगरपालिकेचे लोक म्हणाले, पाटबंधारे पाणी सोडतं पण पोचवत नाही. मी म्हणाले, मोटारींची वीज चालू असते. वीज कंपनीचे उपअभियंता गित्ते म्हणाले, वीज तोडली की गावकरी आमच्या वायरमनला धरतात, तेव्हा तुमच्यापैकी कोणी येतं का? हे बोलणं मी आधीच्या दुष्काळातही ऐकलं होतं. फक्त माणसं बदलली होती.

कोपऱ्यात रशीदभाई बसले होते. नगरपालिकेच्या पंपांचे मेकॅनिक. शहरातल्या मोटारी आणि पंप आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि पाणी आलं नाही की लोकांच्या शिव्या सगळ्यात आधी खाणाराही तोच. ते एकदम म्हणाले, "साहेब, बुरा नक्को मानू. पन हितं बसलेल्यांपैकी कोन कोन ती नदी पायी बघितलाय?"

मीसुद्धा तुकड्यातुकड्यानंच पाहिली होती, आणि तीही जीपमधून.

"तर मग चला की," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं ते. पण तहसीलदारांनी ते उचललं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गित्ते, रशीदभाई, तलाठी, एक पोलीस शिपाई आणि मी असे धरणाच्या पायथ्याशी जमलो आणि वाळूत उतरलो. आजवर आम्ही एकमेकांना पत्रं लिहीत होतो. आता एका बाटलीतलं पाणी पीत चाललो होतो. खरं सांगते, मला सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

देवगव्हाणच्या शिवारात एक कडब्याची गंज होती. तिच्यातून गुणगुण ऐकू येत होती. गित्ते थबकले, गंजीला कान लावला. मालक जवळच होता. म्हणाला, "साहेब, आत भुंगे झालेत."

"भुंग्यांना थ्री फेज लागती का रे?" गित्ते म्हणाले. कडबा बाजूला केला तर आत मोटार, आणि तिचा पाइप वाळूतल्या खड्ड्यात. मालकासकट सगळे हसलो. पण हसता हसता आमच्या ध्यानात आलं, की कोरड्या नदीत ही गत आहे, तर पाणी आल्यावर काय होईल!

बंधाऱ्यांची दशा त्याहून वाईट. दारांच्या कडेचं रबर कुजून गेलेलं. शेवटच्या बंधाऱ्यात पाणी नेऊन करायचं काय, ते फटींतून वाहूनच जाणार. नवीन रबर मागवायचं तर आमच्या खात्याची पद्धत मला ठाऊक होती. ते पावसाळ्यानंतर आलं असतं. रशीदभाईंनी दाराची कड बोटानं चाचपली आणि म्हणाले, "परळीला चला."

परळीला वीजकेंद्र आहे. तिथं कोळसा वाहून नेणारे जाड रबरी पट्टे असतात. झिजले की भंगारवाल्यांकडे येतात. रशीदभाईंच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे असे पट्टे गुंडाळून ठेवलेले होते, कोळशानं काळे झालेले. नगरपालिकेच्या गाडीतून ते आणले. आमच्या कालव्यावरच्या माणसांनी ते कापले, रशीदभाईंनी भोकं पाडून दारांना बोल्टानं बसवले. नगरपालिकेचा माणूस पाटबंधाऱ्याच्या दाराला बोल्ट मारतोय, हे मी सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. कोणाच्या परवानगीनं, असं कोणी विचारलं नाही.

आता उरला देवगव्हाणचा प्रश्न. पाणी पहिल्यांदा त्यांच्याच दारातून जाणार, आणि त्यांनी ते नुसतं बघत राहायचं. नियम असा, की शेवटचा बंधारा आधी भरायचा आणि मग वर वर यायचं. कागदावर हा नियम न्याय्य आहे. वरच्या गावात उभं राहून सांगताना मात्र जीभ जड होते.

देवगव्हाणात बाजीरावआबांचा शब्द चालायचा. उसाचे मोठे शेतकरी, माजी सरपंच, उंच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की पारावर बोलले तर वेशीवर ऐकू यावं. आम्ही मारुतीच्या पारावर बसलो. त्यांनी चहा दिला आणि चहा संपायच्या आत सुरुवात केली.

"मॅडम, आमी काय येडे हाव का? धरनासाठी जमिनी आमच्या गेल्या. पानी आमच्या नाकासमोरून जानार. आन् आमची जनावरं टँकरकडं बघत हुबी ऱ्हानार. कावून?"

"शेवटचा भरला की तुमचा भरून देऊ, आबा."

"हे मागल्या साहेबांनीबी म्हनलंतं. खालचा भरला आन् धरनाचं दार बंद! आमी बंधाऱ्यात हुबं राहून वाळू मोजली."

हे खरं होतं. तेव्हा मी दुसऱ्या शाखेत होते, पण हकिगत ऐकली होती. मग गित्ते बोलले. ते म्हणाले, "आबा, मोटारींची वीज बंद ठेवतो, पण गाव अंधारात ठेवणार नाही. घरातला दिवा, पंखा, गिरणी सगळं चालू राहील. माझा वायरमन डीपीजवळ बसून राहील. तुमच्याच गावचा आहे. त्याला मारू नका, एवढंच मागतो."

पारावर हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगा. खातं नको. तुमी. पानी देताल का न्हाई?"

मी म्हणाले, "देईन." असा शब्द द्यायचा नसतो. धरणाचं दार माझ्या मालकीचं नव्हतं. पण त्या माणसासमोर 'वरिष्ठांकडे शिफारस करू' असं म्हणायची मला लाज वाटली.

आबांनी चहाची बशी पालथी घातली. "बगू," एवढंच म्हणाले. मोटारी बंद राहतील की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. खडकवाडीच्या खाली, नदीच्या पात्रात, शमीमआपांची टरबुजाची वाडी होती. वाळूत खड्डे करून, झिरपलेलं पाणी घागरीनं घालून त्या आणि त्यांचे दोघे दीर टरबुजं पिकवायचे आणि युसूफ वडगाव या गावच्या बाजारात विकायचे. पात्रात वाडी करायला परवानगी नसते, हे तलाठ्यालाही ठाऊक आणि त्यांनाही. पण ते हिरवे वेल बघून तलाठ्यानं वही काढलीच नाही.

"पानी येऊ द्या, माजं काय न्हाई," शमीमआपा म्हणाल्या. "मलाबी प्यायला तेच पानी लागतं. पन अजून चार रोज राहिले ना, तर साखर उतरती फळात. रमजान तोंडावर हाय, मॅडम. समदं साल यावरच हाय आमचं."

तारीख पुढं ढकलणं शक्य नव्हतं; विहिरीतला चिखल थांबणार नव्हता. ठरलं असं, की पिकलेली फळं आधी तोडायची, आणि उरलेली अगदी शेवटपर्यंत वेलावर ठेवायची. पाणी खडकवाडीला पोचलं की आम्ही फोन करू. मग हात लागतील तेवढे घेऊन तोडायला लागायचं.

पाणी सोडलं त्या सकाळी मी दोन वेळा चष्मा विसरले. तहसीलदारांनी मोबाइलवर एक गट केला होता, त्यात सगळी खाती आणि तिन्ही गावांचे सरपंच. चौकीदारानं चाक फिरवलं, दाराखालून पांढरा फेसाळ लोट उसळला, आणि मी गटावर लिहिलं, "पाणी निघालं." खाली लगेच उत्तरं आली. कोणी हात जोडले, कोणी फूल टाकलं. रशीदभाईंनी लिहिलं, "बिस्मिल्ला."

कोरड्या नदीतून पाणी कसं चालतं, हे बघितलं नसेल तर सांगते. लाट येत नाही. आधी एक तपकिरी जीभ येते, बोटभर जाडीची. तिच्या तोंडाशी काटक्या, पाचोळा, फेस आणि पळणारे किडे. वाळू सूंऽऽ असा आवाज करते, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. जीभ एका ठिकाणी थांबते, वाटतं संपलं; मागून भर येते आणि ती पुन्हा सरकते. बगळ्यांना कोण सांगतं कोण जाणे, ते आधीच हजर असतात. मी आणि गित्ते काठानं चाललो होतो आणि लहान मुलांसारखे ओरडत होतो, "आलं! वळलं! अहो, इकडं वळलं!" गित्त्यांचे बूट भिजले तेव्हा त्यांनी ते काढून हातात घेतले आणि पाण्यातूनच चालू लागले.

देवगव्हाण आलं. काठावर माणसं उभी होती. बाया, पोरं, म्हातारे. आबा बंधाऱ्याच्या खांबावर हात ठेवून उभे. पाणी उघड्या बंधाऱ्यातून आलं तसं पुढं गेलं. कुठं मोटारीचा आवाज आला नाही. आबा पाणी नजरेआड होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

घोटाळा झाला तो खडकवाडीला. तिथली दारं आम्ही सगळी काढली होती, तरी एका गोष्टीचा विचार कोणीच केला नव्हता. पाण्यानं वरच्या पात्रातली सगळी तोडलेली वेडी बाभूळ, काटे, झुडपं, प्लास्टिक गोळा करून आणलं होतं. तो सगळा काटा खडकवाडीच्या खांबांमध्ये अडकला. बघता बघता सगळी मोकळी जागा बुजली. पाणी मागं चढायला लागलं. आणि मग ज्याची आम्हा पाटबंधाऱ्यातल्या लोकांना स्वप्नातसुद्धा भीती वाटते, ते सुरू झालं. बंधाऱ्याच्या बाजूच्या मातीच्या काठातून पाणी बारीक वाट काढू लागलं. काठ फुटला की नदी बंधाऱ्याला वळसा घालून शेतात शिरते. बंधारा नुसता उभा राहतो, देखाव्याला.

आमची माणसं काठ्या आणि विळे घेऊन तुटून पडली. काटा तसूभर हलेना. रशीदभाई छातीइतक्या पाण्यात उतरले, हात रक्तानं भरले. मी गटावर फोटो टाकून तालुक्याहून जेसीबी मागवला होता, पण तो निघायलाच वेळ लागणार होता. काठाच्या मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात विरघळलं. त्यामागून दुसरं.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर धूळ उठली. ट्रॅक्टर येत होते, एकामागून एक. पुढच्यावर बाजीरावआबा, मागं देवगव्हाणचे तरणे गडी. पोलीस शिपाई टोपी सारखी करून पुढं झाला. गित्ते हळूच म्हणाले, "मॅडम, झालं. आता भांडण आलं."

आबांनी ट्रॅक्टर थेट काठावर आणला, उतरले, फुटायला आलेला काठ बघितला आणि आपल्याच माणसांवर ओरडले, "बगता काय बे? साखळ्या काढा! तू उतर पान्यात. तू मोठ्या बुंध्याला बांध. खालून, बे, खालून!"

काट्याच्या ढिगातल्या बुंध्यांना साखळ्या अडकल्या. रशीदभाई पाण्यातून हात वर करून इशारा द्यायचे आणि ट्रॅक्टर मागं हटायचा. पहिला ओढला तेव्हा साखळी निसटली. दुसऱ्यांदा अख्खं झाड कडकडत बाहेर आलं आणि त्याच्या जागेतून पाण्याचा लोट उसळून खाली पडला. सगळे ओरडले. मीसुद्धा! गित्ते, शिपाई, तलाठी, जो तो काठावर माती आणि पोती टाकत होता. कोण कोणत्या खात्याचा, हे त्या चिखलात ओळखू येत नव्हतं. एक एक करत सगळी जागा मोकळी झाली, काठाकडचं पाणी ओसरलं, आणि मी तिथंच एका दगडावर बसकण मारली.

आबा जवळ आले. मी म्हणाले, "आबा, तुम्ही कसे काय?"

"सरपंचानं दावला की. गटावरचा तुमचा फोटू," ते म्हणाले. "हे पानी हितं सांडलं तर मागून आमाला काय देताल? कपाळ?" आणि मिशीवरचा चिखल पुसून पहिल्यांदा हसले.

खाली शमीमआपांच्या वाडीत आमचा फोन गेला होताच. पाणी अडकून राहिल्यामुळं त्यांना आयता वेळ मिळाला होता. आम्ही पोचलो तेव्हा नगरपालिकेची गाडी पात्रात उभी, वीज कंपनीचे दोन वायरमन, कालव्यावरची माणसं आणि शमीमआपांचे दीर अशी रांग लागलेली, आणि टरबुजं हातोहात चाललेली. मग पाण्याची जीभ वळणावर दिसली. "आलं, आलं!" म्हणत सगळे दुप्पट वेगानं तोडायला लागले. मीही पदर खोचून रांगेत शिरले. गाडी काठावर चढता चढता तिच्या मागच्या चाकाला पाणी लागलं. थोडी फळं राहून गेली. शमीमआपांनी काठावरून वेलांकडे बघितलं. वेल पाण्यात हलत होते. त्यांनी डोळ्याला ओढणी लावली, आणि लगेच आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काटा अडकला तुमचा, माजं नशीब उघडलं. खावा, खावा समद्यांनी!" आणि एक टरबूज दगडावर आपटून फोडलं.

हिंगणटाकळीच्या सरपंच शकुंतलाताई सकाळपासून बंधाऱ्यावर होत्या, गावातल्या बायांसह. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. पाण्याचं तोंड आलं, वाळू भिजली, बंधाऱ्याच्या दारांशी पाणी साठू लागलं. बाया हळदीकुंकू वाहत होत्या. तेवढ्यात मागून पाण्यावर डुलत डुलत दोन टरबुजं आली. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, गंगामाय वानवळा घिऊन आली की गं!"

परळीच्या पट्ट्यांनी पाणी धरून ठेवलं. फटींतून थेंब गळत होते, धार नव्हती. विहिरीत पाणी चढलं तेव्हा रशीदभाईंनी पंप सुरू केला, कान देऊन ऐकला, आणि तिथंच जमिनीवर आडवे झाले. त्यांच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

पुढं त्या गटाचं काय झालं, असं मला लोक विचारतात. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरलं, आणि गटावर सुप्रभातची फुलं यायला लागली. बैठक ठेवली तर निम्मी खाती आली नाहीत. गित्त्यांची बदली झाली. रबराचे पट्टे पुन्हा कधीतरी कुजणार, तेव्हा पुन्हा कोणाला तरी नदी पायी चालावी लागणार. हे मी निवृत्त होताना लेखी देऊन आले आहे. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. त्याची खंत आहे.

पण त्या पाण्याची गोष्ट अजून संपली नाही. हिंगणटाकळी भरली, खडकवाडीत दारं बसवून गरजेपुरतं पाणी घेतलं, आणि आमच्या वरच्या कार्यालयातून फोन आला: ठरलेलं पाणी संपलं, दार बंद करा. देवगव्हाण कोरडंच होतं.

मी लगेच नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. धरणाच्या तळाशी थोडं उरलं होतं; ते नदीतून खालपर्यंत पोचलं नसतं, पण शहराच्या टँकरसाठी राखलेलं होतं. त्याला हात लावायचा तर नगरपालिकेची संमती हवी. मुख्याधिकारी नवे होते, तरुण, शहाणे, पण शहराचं पाणी गावाला दिलं म्हटल्यावर त्यांच्या दारात मोर्चा येणार हे त्यांनाही कळत होतं. फोनवर ते नाही म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते.

रशीदभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब," ते म्हणाले, "शहराला पानी दोन रोज उशिरा दिलं तर शिव्या कोनाला पडतील? मला. तुमाला न्हाई. मी खाईन शिव्या, आदत हाय. पन त्या रोजी ते देवगव्हाणचे लोक न्हाई आले असते ना, तर तुमची विहीर कोरडी असती. द्या साहेब. थोडं द्या."

मग मुख्याधिकारी म्हणाले, "मी संमतीचं पत्र पाठवतो." गित्त्यांनी नुसती मूठ हवेत उडवली.

थोडं म्हणजे थोडंच मिळालं. देवगव्हाणला दारं बसवली आणि आम्ही बघत राहिलो. पाणी चढलं, चढलं, आणि निम्म्यावर थांबलं. वर धरणाचं दार बंद झालं होतं. जे नदीत होतं, तेही येऊन संपलं. मी शब्द दिला होता बंधारा भरून देण्याचा, आणि समोर निम्मा बंधारा होता.

"आबा," मी म्हणाले, "एवढंच झालं."

आबा पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले, वाकले, ओंजळ भरून तोंडावर मारली. गावातली जनावरं केव्हाची काठावर येऊन उभी होती. एकेक करून पाण्यात उतरत होती. आबा मागं वळले. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं आहे.

त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला हाक मारली. "आपल्या मोटारीचा पाइप काढ पान्यातून. आन् घरी ने."

"पण आबा, ऊस..."

"ऊस वाळू दे. हे पिन्याचं पानी हाय." मग काठावर उभ्या असलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ज्याचा ज्याचा पाइप असंल, त्यानं त्यानं काढायचा. आत्ताच्या आत्ता. मॅडम हितं हुब्या हायत तवर."

आणि लोक पाण्यात उतरले. ओले, काळे, लांबलचक पाइप खांद्यावर घेऊन एकामागून एक वर येऊ लागले. कडब्यात भुंगे पाळणारा तो मालकही त्यात होता. मी बंधाऱ्याच्या खांबाला टेकून ते बघत राहिले, शेवटचा पाइप वर येईपर्यंत.